वाकलेल्या अकरा पिना

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत बाबांची सूतगिरणी बंद पडली आणि राजापेठेतल्या आमच्या घरात माझा कॉम्प्युटर कमावता झाला. अकोल्याहून एकेक भाग आणून तो मीच जोडला होता. त्यावर मी संत्र्याच्या पेट्यांची लेबलं तयार करायची.

दसऱ्याच्या सफाईत मी तो उघडला. प्रोसेसरवरचा पंखा धुळीनं माखला होता. काढताना जरा जोर लावला, तर पंख्याखालच्या ठोकळ्याला चिकटून प्रोसेसरच उपटून आला. मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट उन्हाळ्यात वाळून डिंकासारखी झाली होती. सोडवता सोडवता तो फरशीवर पडला. उचलून पाहते तर त्याच्या पोटाखालच्या बारीक पिनांपैकी एका कोपऱ्यातल्या अकरा आडव्या!

"काय झालं वं?" आईनं विचारलं.

"मीच मोडला," मी म्हटलं.

शेंदूरजनाघाटच्या व्यापाऱ्याची लेबलं चार दिवसांत छापखान्यात द्यायची होती. दुसऱ्या दिवशी प्रोसेसर साबणाच्या डबीत ठेवून मी सकाळच्या एसटीनं अकोल्याला गेले. ज्याच्याकडून तो घेतला होता, त्या दुकानदारानं नुसतं डोकावून पाहिलं. "फेकून द्या मॅडम. हे सरळ होत नसते."

मी वाळलेल्या पेस्टच्या जागी लावायला नवी पेस्ट तेवढी घेतली आणि बाहेर पडले. शेजारीच एक म्हातारे चाचा घड्याळं दुरुस्त करत बसले होते. मी त्यांच्याकडे भिंग मागितलं. त्यांनी आधी स्वतःच डबीत पाहिलं.

"एकही तुटली नाही, बेटा. नुसत्या वाकल्या. फेकून कायले द्याच्या?"

"तुम्ही सरळ करून द्याल?"

"माझा हात आता हालते. तू कर, मी सांगतो."

त्यांचा चिमटा जाड पडत होता. मग मला पर्समधली बटणाची पेन्सिल आठवली. शिसं काढल्यावर तिच्या टोकाची नळी पिनेवर बरोबर बसली. चाचांचे डोळे चमकले.

"एका दमात नोको करू. थोडी उचल, थांब. तिले दम खाऊ दे."

नवव्या पिनेला घामानं पेन्सिल माझ्या हातातून निसटायला लागली. चाचांनी फडकं दिलं, पाणी पाजलं. अकरावी उभी झाली तेव्हा त्यांनी एक पातळ पातं रांगांमधून आरपार फिरवलं. कुठंच अडलं नाही.

"जा आता. चालते का नाही पाहा!"

घरी आल्या आल्या पेन्सिलची हकिकत सांगत मी प्रोसेसर त्याच्या जागी, सॉकेटवर ठेवला. तो अलगद आत बसला. पेस्ट लावली, पंखा बसवला, बटण दाबलं. पंखा फिरला, छोटीशी शिट्टी वाजली आणि पडदा उजळला.

गिरणी बंद झाल्यापासून बाबा फारसे बोलत नव्हते. ते ताडकन उठून दारात गेले आणि गल्लीतल्या माणसांना ओरडून सांगू लागले, "पोरीनं नीट केला! घरच्या पेन्सिलनं!"

लेबलं एक दिवस आधीच छापखान्यात पोचली.