घंटी पसंत नाही!

चार माणसं रोज एकाच जागी सायकली लावायला लागली की किस्से आपोआप साठत जातात. घरात जुन्या पिशव्या साठतात ना, तसे. कुणी मुद्दाम जमवत नाही, पण एक ओढायला गेलं की मागून दहा बाहेर पडतात.

भांडुपला आग्रा रोडवर आमची पंपांची कंपनी होती. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी स्टोअर्समध्ये क्लार्क. गेटच्या आत पत्र्याच्या शेडमध्ये सायकल स्टँड, आणि सुटल्यावर तिथे आमचा अड्डा. एका वर्षी त्या अड्ड्यावर महिनोन् महिने एकच विषय चालला होता: सायकलला घंटी कुठली लावायची? हसू नका. प्रश्न गंभीर होता. का, ते सांगतो.

*

वसंत सावंत आमच्याकडे टर्नर होता. मूळचा मालवणकडचा, राहायला भांडुप गावाजवळच्या चाळीत. त्याचे बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि बाबाही बंद पडले. भांडण नाही, रडणं नाही, दारू नाही. नुसते खाटेवर बसून राहायचे. महिने गेले तरी उंबरठ्याबाहेर पाऊल नाही. काही विचारलं तर "हां" नाहीतर "नाय". बोलका माणूस असा गप्प झाला की घरातल्यांना काळजी लागतेच. सावंत दाखवायचा नाही, पण त्याला त्याच काळजीने पोखरलं होतं.

मग त्याने एक सेकंडहँड सायकल घेतली. घरी आणून दारात उभी केली. बाबा उठले, बाहेर आले, टायर दाबून बघितला, सीटवरून हात फिरवला आणि म्हणाले, "घंटी खंय आसा? घंटीशिवाय सायकल मी चलवचंय नाय!" आणि परत आत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सावंत स्टँडवर नाचतच आला. "अरे, बाबा बोलले! अख्खं वाक्य बोलले यार!"

"पण नाही म्हणाले ना?" मी विचारलं.

"नाही कुठे? घंटी असेल तर चालवतील. हो की नाही?"

तेव्हापासून सावंताच्या बाबांसाठी घंटी शोधणं हे अख्ख्या स्टँडचं काम झालं.

*

या कामात सगळ्यात जास्त सल्ले गोखल्यांनी दिले. गोखले अकाउंट्समध्ये, मुलुंडहून सायकलने यायचे. वयाने मोठे म्हणून आम्ही त्यांना अहो-जाहो करायचो. गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या सायकलला घंटीच नव्हती! त्यांच्या मते घंटी वाजवणं हा उद्धटपणा. पुढे माणूस आला की ते तोंडाने सांगायचे, "माफ करा हं, आपण जरा डावीकडे सरकलात, तर मला पुढे जाता येईल."

वाक्य पूर्ण होईपर्यंत ते त्या माणसावर आदळलेले असायचे.

एकदा आमच्या वॉचमनलाच त्यांनी गेटवर आडवा केला. तो पँट झटकत उठला आणि भडकला, "साहेब, आवाज तरी द्यायचा!"

गोखले शांतपणे म्हणाले, "अरे, मी सांगतच होतो. तू 'डावीकडे'पर्यंतच ऐकलंस."

*

सावंताने आधी साधी, सगळ्यांच्या सायकलला असते ती घंटी आणली. ट्रिंग-ट्रिंग. संध्याकाळी बसवली आणि बाबांना म्हणाला, "वाजवून बघा." बाबांनी खाटेवरून उठून अंगठा मारला. ट्रिंग!

शेजारच्या खोलीतली म्हातारी अनवाणी धावत बाहेर आली. "पोस्टमन इलो? माझ्या झिलाचा पत्र इला?"

त्यांच्या चाळीत ट्रिंग-ट्रिंग करत येणारा माणूस एकच, पोस्टमन. आणि त्या म्हातारीचा मुलगा आखातात. पत्र नाही म्हटल्यावर ती मागे वळली. बाबा तिच्या पाठीकडे बघत राहिले. मग सावंताला म्हणाले, "ही घंटी लोकांका फुकट आशा लावता. काढ ती."

सावंताने स्टँडवर येऊन बातमी दिली, "घंटी पसंत नाही."

मुलगी बघून आल्यासारखं तोंड केलं होतं त्याने. पण लगेच म्हणाला, "आज दोन वाक्यं बोलले पण!"

*

मग आला श्रावण. सोमवारी दुपारी आमचा टेलिफोन ऑपरेटर अकाउंट्समध्ये डोकावला. "गोखलेसाहेब, वहिनींचा फोन होता. येताना बेल आणायला सांगितलंय."

गोखले हरखले. वॉचमनचं प्रकरण त्यांनी घरी सांगितलं होतं. स्टँडवर येऊन आम्हाला म्हणाले, "बघा, बोलून दाखवत नाही ती, पण माझी काळजी आहे तिला!" आणि तत्त्व वगैरे बाजूला ठेवून त्यांनी स्टेशनजवळच्या दुकानातून सगळ्यात मोठी, पितळेची, वाटीएवढी बेल घेतली.

घरी पूजा मांडलेली. वहिनी सोवळ्यात, महादेवाची पिंडी ताम्हनात, फुलं आहेत, दूध आहे, फक्त बेलाची पानं यायची बाकी. गोखल्यांनी हसत हसत खिशातून बेल काढून पुढे केली आणि वाजवूनसुद्धा दाखवली. टणण्!

वहिनी बघतच राहिल्या. "हे काय? आता हे महादेवाला वाहू?"

आतून गोखल्यांच्या आई म्हणाल्या, "अगं, रागावू नकोस सणासुदीचं. महादेवाला नाही चालली तर नंदीच्या गळ्यात बांध."

वहिनींनी पिंडीसमोरच्या नंदीकडे बघितलंच नाही म्हणे. त्या सरळ गोखल्यांकडेच बघत होत्या!

*

ती बेल गोखल्यांनी दुसऱ्या दिवशी सावंताला देऊन टाकली. "माझ्या घरात ही दिसता कामा नये," एवढंच म्हणाले.

सावंताने ती बसवली. या वेळी बाबांना बोलवावं लागलं नाही, ते आपणहून दारात आले. अंगठा मारला. टणण् टणण्! आणि चाळीतली सगळी पोरं "कुल्फी! कुल्फी!" करत धावली. पावसाळ्यात यायचा बंद झालेला कुल्फीवाला परत आला असं त्यांना वाटलं. कुल्फी नाही म्हटल्यावर त्यातल्या सगळ्यात लहान्याने जमिनीवर बसून भोकाड पसरलं.

"पोरांका रडयता ही. काढ!"

सावंत आम्हाला सांगत होता, "वाट लागली यार. आमच्या चाळीत प्रत्येक आवाजाला आधीच मालक आहे. ट्रिंग पोस्टमनचा, टणण् कुल्फीवाल्याचा. माझ्या बापाने वाजवायचं काय?"

मी त्याला म्हटलं, "ते सोड. बाबा दारापर्यंत आले ना?" तो म्हणाला, "हो. आले खरे." आणि मग स्वतःच हसला.

*

मेंटेनन्सच्या पवारला हे कळलं. पवार म्हणजे पंख्याच्या मोटारीतून मिक्सर करणारा माणूस. त्याने सांगितलं, "कुणाचाच नाही असा आवाज बनवतो, झकास!" आणि आठवडाभर खपून बॅटरीवरचा एक हॉर्न केला. जेवणाच्या सुट्टीनंतर थोड्या वेळाने सावंताला स्टँडवर बोलावून त्याने बटण दाबलं.

हॉर्न वाजला तो थेट कंपनीच्या भोंग्यासारखा! हुबेहूब! पवारने दचकून बटण सोडलं तर ते अडकलेलं. भोंगा आपला चालूच.

शॉपमधली मशीन्स पटापट बंद झाली. लोक हात धुऊन, शर्ट बदलून, डबे घेऊन गेटकडे निघाले. घड्याळ बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही. भोंगा वाजला म्हणजे सुटली! गर्दीच्या पुढे आमचे वर्क्स मॅनेजर, हातात बॅग. स्टँडपाशी येऊन बघतात तर पवार त्या डबड्यावर बसलेला आणि सावंत वायरी तोडतोय.

साहेबांनी घड्याळ बघितलं. मागे वळून सगळ्या लोकांकडे बघितलं. आम्हाला वाटलं, आता दोघे कायमचे घरी जाणार. साहेब हळूच म्हणाले, "पवार, मी बाहेर पडलो होतो हे कुणाला सांगू नकोस!"

वायर परत जोडून देतो, बटण नीट करतो, असं पवार सावंताला म्हणत होता. सावंताने मान हलवली. "नको. हा आवाज घरी नाही न्यायचा." गिरणी बंद पडल्यावरही बाबा कित्येक दिवस भोंग्याच्या वेळेला उठून, कपडे घालून बसायचे, हे तेव्हा त्याने आम्हाला पहिल्यांदा सांगितलं. त्यानंतर त्या हॉर्नची चेष्टा कुणी केली नाही.

*

शेवटी कंटाळून सावंताने रबरी फुग्याचा हॉर्न आणला. हँडलला बसवला, बाबांनी दारात येऊन फुगा दाबला. पों!

एका मिनिटात चाळीतल्या बायका पिशव्या, टोपल्या, पातेली घेऊन हजर!

मुंबईत पों वाजलं की पाववाला, हे लहान पोरालाही कळतं. हे सावंताच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांच्या चाळीतला पाववाला गावी लग्नाला गेला तो परत आलाच नव्हता, त्यामुळे बायका नुसत्या तुटून पडल्या.

"तात्यानू, पाव हाडलास? माका चार!"

"माका सहा! कडक नको हां!"

बाबा ओरडले, "मी सावंत! पाववालो नाय!"

त्यावर समोरची एक बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मगे वाजवतास कित्याक? पाववालो गेल्यापासून पोरां चायेत बुडवूक काय नाय म्हणान रडतत, आणि तुमी हयसर पों पों करतास!"

बायका बडबडत गेल्या. सावंत पाना घेऊन आला आणि हॉर्नचा नट फिरवायला लागला.

बाबा म्हणाले, "रवांदे."

दुसऱ्या दिवशी आमचं काम बाजूलाच राहिलं. गोखले पुन्हा पुन्हा विचारत होते, "राहू दे म्हणाले? नक्की? काढ नाही म्हणाले?"

"नाही. फुगा धरून बसले होते. जेवायला बोलावलं तेव्हा सोडला."

*

पुढच्या रविवारी सकाळी मी आणि गोखले सावंताकडे गेलो. हॉर्न पसंत पडला म्हणून त्याच्या आईने आम्हाला घावने खायला बोलावलं होतं. जाऊन बघतो तर घरात घावन्यांचा पत्ता नाही. सावंत चपला घालतोय, आई दारात उभी. खाट रिकामी. सायकल नाही.

"काळोखातच उठान गेले," आई म्हणाली. "खंय जातंय, काय सांगूक नाय. चाय पण घेतल्यानी नाय रे." बोलता बोलता तिने पदर डोळ्यांना लावला. माणूस बाहेर पडत नाही म्हणून जी बाई इतके महिने रडली, तीच आता तो बाहेर पडला म्हणून रडत होती. बंद पडलेल्या गिरण्यांतल्या माणसांच्या काय काय गोष्टी तेव्हा कानावर यायच्या.

"तुम्ही स्टेशनकडे बघा, मी तळ्याकडे जातो," सावंत म्हणाला. तळ्याचं नाव निघालं तशी आई खालीच बसली.

आम्ही ओट्याच्या पायऱ्या उतरतोय तोच वळणावरून आवाज आला. पों... पों!

बाबा सायकल चालवत येत होते. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. मागच्या कॅरिअरवर बेकरीचा मोठा पत्र्याचा डबा, वर ओलं फडकं. चाळीच्या मधोमध येऊन त्यांनी सायकल स्टँडला लावली, डब्याचं झाकण उघडलं आणि गरम पावांचा वास सुटला. आमच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

दारं उघडली. बायका धावल्या, ढकलाढकल सुरू झाली. बाबांनी खणखणीत आवाजात दम भरला, "धक्के मारूचे नाय! लायन लावा!"

लाइन लागली. गोखलेही जाऊन उभे राहिले, हातात रुमाल पसरून!

तेवढ्यात सावंताची आई उठली. घरात जाऊन टोपली घेऊन आली आणि डोळे पुसत, सगळ्यांना बाजूला सारत थेट डब्यापाशी गेली. तिने नुसती टोपली पुढे केली.

बाबांनी तिच्याकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं आणि म्हणाले, "घरची आसलंस म्हणान काय झाला? मागे जा, लायनीत उभी रव!"

आईने पदर सावरला आणि गोखल्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.