कप कोणी धुवायचे

१४ डिसेंबर, रविवार. लीलवा सोलायचा होता. तुरीच्या ओल्या दाण्यांना बडोद्यात आम्ही मराठी माणसंही लीलवाच म्हणतो, आणि थंडीत त्याची कचोरी झाली नाही तर घरात तोंडं वाकडी होतात. शेंगांचा ढीग मोठा होता, म्हणून ऑफिसातल्या माझ्या जोडीदारणीला बोलावलं. ती गुजराती, माझ्याहून बरीच लहान. येताना लॅपटॉप आणि वाफवलेल्या मुठियांचा डबा घेऊन आली.

लॅपटॉपचं कारण असं. कपाटं बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी मी वीस वर्षांपूर्वी सी भाषेत प्रोग्राम लिहिला होता. पत्रा कसा कापला तर कमी वाया जाईल, ते तो सांगतो. अजून चालतो. त्यावर तिने पायथॉन भाषेत नवा, देखणा स्क्रीन बसवला होता. बटणं तिची, हिशोब माझा. उत्तर अचूक यायचं, आणि मग स्क्रीन मिटताना सगळं गुपचूप मरायचं. तेही दर वेळी नाही. सोमवारी कारखानदार बघायला येणार होते आणि आमच्या मालकांनी बजावलं होतं, "त्यांच्यासमोर पडलं तर तुमचं सी काढून टाकू. सगळं पायथॉनमध्ये नव्याने लिहू." माझं चालतं काम कोणी फेकलेलं मला चालणार नव्हतं.

सोलता सोलता आम्ही वाद घातला.

"तुमचं जुनं आहे, बेन. थकलं असेल."

"थकलं असतं तर उत्तर चुकलं असतं. मरतं कधी? तुझ्या स्क्रीनचं दार लावताना."

"म्हणजे दार खराब?"

"ते तूच बघ."

चहा झाला. ती कप उचलून उठली.

"ठेव तिथेच," मी म्हटलं.

"तमे बेसो, बेन. मी धुते ना. घरचीच आहे मी."

तिने कप धुऊन ओट्यावर ठेवले. थोड्या वेळाने माझा नवरा स्वयंपाकघरात आला. ओट्यावर दिसेल ते धुवायची त्याला सवय. त्याने तेच कप नळाखाली धरले.

"अहो, धुतलेले आहेत ते."

"मग पुन्हा धुतले. कपाचं काय बिघडलं?"

कपाचं काही बिघडलं नाही, पण माझा हात शेंगेवर थांबला. उत्तराची यादी ठेवायला माझा प्रोग्राम मशीनकडून मेमरीत जागा मागून घेतो आणि मिटताना ती परत करतो. एकदा परत केलेली जागा मशीन दुसऱ्या कामाला देऊन टाकतं. ती कोणी पुन्हा परत करायला गेलं, तर कधी ना कधी कोसळणारच.

"यादी वाचून झाली की तू काय करतेस?" मी विचारलं.

"जागा मोकळी करते. तुमचं काम वाचवते. पसारा कशाला ठेवायचा?"

"मीपण करते."

"हाय हाय," ती म्हणाली आणि हसत सुटली.

"माझ्या जागेला हात लावायचा नाही," मी म्हटलं. "जिने मागितली तिनेच परत करायची."

"आणि कपांना?"

"कपांनाही नाही."

तिने आपल्या पायथॉनमधली जागा मोकळी करणारी ओळ पुसली. शेंगा संपेपर्यंत आम्ही आळीपाळीने तो स्क्रीन उघडत-मिटत राहिलो. दोघींचे हात हिरवे झाले तेव्हा नवऱ्याला बटण दाबायला बसवलं. एकदाही पडला नाही. मग कढई चढवली. पहिल्या घाण्यातली अर्धी कचोरी उभ्यानेच संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अलकापुरीतल्या आमच्या ऑफिसात कारखानदारांनी स्वतः स्क्रीन उघडला, मिटला, परत उघडला. काही झालं नाही. मालक मला म्हणाले, "राहू द्या तुमचं सी." उरलेल्या कचोऱ्या मी तिच्याच डब्यातून नेल्या होत्या. त्या कारखानदारांसकट सगळ्यांनी फस्त केल्या. रिकामा, तेलकट डबा मी तसाच तिच्या टेबलावर ठेवला.

"बेन, धुतलासुद्धा नाही?"

"डबा तुझा," मी म्हटलं, आणि कामाला बसले.