भावजींना हलवलं तेव्हा

माझ्या थोरल्या दिरांना मी कधी पाहिलं नाही. लग्न होऊन मी रानशेतच्या पलीकडे आमच्या पाड्यावर आले, त्याच्या आदल्या पावसाळ्यात ते गेले होते. तरी घरात सगळ्यात जास्त धाक मला त्यांचाच. जिवंत असते तर निदान दिवसभर शेतावर तरी गेले असते. हे गृहस्थ सदा हजर.

त्यांना ताप भरला होता, खोकला थांबत नव्हता. डहाणूच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून भाऊबंद त्यांना झोळीत घालून निघाले. वाट कसली, चिखलच. शेताच्या बांधाशी झोळी दमून खाली ठेवली, ती पुन्हा उचलायची वेळच आली नाही. तिथेच त्यांच्या नावाचा दगड उभा केला. दुपारी भाकऱ्या झाल्या की सासूबाई दारात उभ्या राहून त्या दगडाकडे तोंड करून त्यांना नावाने जेवायला हाक मारत. मी तव्यापाशी बसून ऐकायची आणि पाठीत थंडी भरायची.

मी म्हणजे सातवी पास! कोसबाडला मामाकडे राहून शिकलेली, आणि हे कुणी विसरू नये म्हणून झटणारी. भुताखेतांवर माझा अजिबात विश्वास नव्हता. फक्त दिवेलागणीनंतर त्या बांधाकडे मी फिरकत नसे, एवढंच.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. ब्लॉकमधून, म्हणजे विकास गटाच्या कचेरीतून, ओव्हरसियर आले. पाड्यापासून मोठ्या रस्त्यापर्यंत वाट बांधायची, मातीकाम गावाने श्रमदानाने करायचं, खडी, मोरी आणि रोलर सरकार देणार. मी पदर सावरून सगळ्यांना योजना समजावून सांगितली. सगळ्यांना ती आधीच समजली होती.

खुंट्या मारत मारत ओव्हरसियर बांधाशी आले आणि थांबले. दगड बरोबर मधे.

"मावशी, एवढा बाजूला घ्यावा लागेल," ते म्हणाले.

"तुझ्या आईला घे बाजूला," सासूबाई म्हणाल्या.

बरेच दिवस हे भांडण चाललं. शेवटी ओव्हरसियर जरा हळू आवाजात म्हणाले, "मावशी, हाच रस्ता तेव्हा असता, तर तुमचा मुलगा दवाखान्यात पोचला असता."

सासूबाईंनी दगडावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणून आता त्याच्या छातीवरून नेतोस?"

पण दुसऱ्या दिवशी त्या तयार झाल्या. अट एकच, त्याला रीतीने हलवायचं. आमच्याकडे मानतात की माणूस दगडात नसतो, दगडापाशी असतो. दगड उचलला म्हणजे तो मागून येईलच असं नाही. दगड उचलणाऱ्यांनी तोंड उघडायचं नाही. घरच्या बाईने जेवायला बोलवावं तशी नावाने हाक मारत पुढे चालायचं, तर तो येतो. आणि ओव्हरसियरशी भांडून भांडून सासूबाईंचा घसा पार बसलेला! घरात दुसरी बाई मीच.

आता थोरल्या दिराचं नाव भावजयीने घ्यायचं कसं? नवऱ्याचं नाव घेताना जीभ अडकायची, तिथे हे. कोसबाडच्या शाळेत हा धडा नव्हता. मी डोक्यावर पदर ओढला आणि शहाणपणाने हाक दिली, "भावजी, चला! भावजी, जेवायला चला!"

नवी जागा मोहाच्या झाडाखाली होती. वाटेत आमच्या भाऊबंदांचे जुने दगड. त्यातले निम्मे माझे भावजी लागत.

"नाव घे गं!" सासूबाई मागून फुसफुसत होत्या. घशातून नुसती हवा येत होती. "नाव!"

मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. माझी चुलतसासू मात्र मोठ्याने म्हणाली, "सगळ्यांनाच बोलावलंस गं बाई. भाकऱ्या पुरतील का?" बायका हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत.

माती पडली, मोरी झाली, खडी आली. रोलर आला आणि त्याच बांधाशी येऊन बंद पडला. ड्रायव्हर सुरतेकडचा. सामान तलासरीहून यायचंय म्हणाला, पण दुपारी यंत्राच्या सावलीत झोपायचं त्याने सोडलं. कुणीतरी खोकतं, म्हणाला. सासूबाईंनी ऐकलं आणि रोलरपुढे जाऊन बसल्या. उठेनात.

"तो इथेच हाय," घसा सुटला होता आता. "दगड नेलात, त्याला इथेच ठेवलात. ह्याच्या खाली."

ओव्हरसियर काकुळतीला आले. पाऊस जवळ आला होता, रोलरची वाट दुसरं गाव बघत होतं.

"आई, तुम्हीच हाक मारा ना आता," मी म्हटलं.

"मारली नाय होय? रोज मारते. तुझी हाक लागली त्याला. तो तुझीच वाट बघतोय."

हे ऐकल्यावर माझी सातवी कुठल्या कुठे गेली. माझ्यासाठी थांबलेला, कधी न पाहिलेला माणूस, खडीखाली! ऊन उतरताना सासूबाईंनी मला रोलरपाशी उभं केलं. चाकाखालची खडी गरम होती. मी नाव घेतलं. पहिल्यांदा ओठांतल्या ओठांत, मग हाक मारून. ते इतकं साधं, आपल्या घरचं नाव होतं की मला एकदम रडू आलं. आणि मागे कुणीतरी खोकलं.

मोहापाशी थांबायचं होतं. मी कुठली थांबते? जुने दगड ओलांडले, मोह ओलांडला, पदर कुठे, चप्पल कुठे, थेट पडवीत येऊन पडले.

सासूबाई मागून सावकाश आल्या. मला वाटलं, आता बोलणी खायची. त्या दारात थांबल्या, माझ्या मागे बघत राहिल्या. मग आत जाऊन त्यांनी एक ताट जास्तीचं वाढलं.

"मोहाखाली न्यायचं होतं आई," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "घरी आला."

दुसऱ्या दिवशी रोलरचं सामान आलं. त्यानंतर सासूबाई कधी दारात उभ्या राहून हाक मारताना दिसल्या नाहीत.

त्या गेल्यावर ताट मी वाढते. नातवंडं हसतात. मोटरसायकलवरून भुर्रकन त्या बांधावरून जातात, त्यांना काय. मीही हसते त्यांच्याबरोबर. परवा धाकट्या नातीने विचारलं, "आजी, त्यांचं नाव काय होतं गं?" पडवीत कुणीही नव्हतं, तरी मी आधी तिकडे बघून घेतलं, आणि तिला म्हटलं, जा, पाणी आण. इथेही लिहीत नाही. एकदा घेतलं, तेवढं पुरलं.