आक्काकडे ठेवलेली काडतुसं

जमादारांना गल्लीत सगळे जमादारच म्हणतात. बँकेच्या दारात पहारा करण्यात उभी हयात गेली. निवृत्तीनंतर मागे राहिल्या त्या मिश्या आणि परवान्याची बंदूक. नवा कायदा आला तेव्हा चहाच्या टपरीवर त्यांनी भरपूर तोंडसुख घेतलं. "बंदूक एका घरात, काडतुसं दुसऱ्या घरात! म्हणजे चोराला म्हणायचं, बस बाबा, पाणी पी, मी आलोच! कायद्याने का कुणाचं डोकं थंड होतं?"

पण हुकूम तो हुकूम. काडतुसांचा डबा बाजारापलीकडे राहणाऱ्या थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे गेला. कारण विचारल्याशिवाय डबा द्यायचा नाही, असं पोलिसांनी तिला बजावलं होतं. आक्काने तो कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली.

मग एके दिवशी खुर्चीवरून पेटलं. बँकेने निरोपाला दिलेली लाकडी खुर्ची जमादार जिन्याखाली ठेवत. वरच्या मजल्यावरचा धाकटा भाऊ विजेची कामं करतो. शिडी बाहेर काढताना तो रोज तिला अडखळायचा. त्या दिवशी त्याने ती सरळ भंगारवाल्याला देऊन टाकली. जमादार जाब विचारायला गेले, तर भर गल्लीत म्हणाला, "दादा, जन्मभर उभाच होतास ना? आता कशाला हवी खुर्ची?"

पोरंसोरं फिदीफिदी हसली. जमादारांचं डोकं भडकलं. घरात जाऊन बंदूक काढली, नळी उघडली. रिकामी! बंदूक खाटेवर टाकून, जिन्यापाशी पायात मिळेल ते सरकवून ते तडक बाजाराच्या दिशेने निघाले.

"जमादार, एवढ्या घाईने कुठं?" भाजीवाली ओरडली. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

आक्का जपाला बसली होती. जप चालू असताना ती कुणाशी बोलत नाही. तिने हातानेच 'बस' म्हटलं. जमादार दातओठ खात बसले. माळेचे मणी आपल्या चालीने सरकत राहिले. शेवटी माळ कपाळाला लावून आक्का म्हणाली, "हं, बोल."

"डबा दे."

"कशाला?"

"आक्का, मी तुझा भाऊ. मला कारण विचारतेस?"

"भाऊ आहेस म्हणूनच विचारते."

"उंदीर झालेत."

"अरे, बंदुकीने उंदीर मारलेस तर घर उरेल का?" ती हसली. हसता हसता तिचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. एक चप्पल त्यांची, दुसरी निळ्या पट्ट्याची. तिनेच धाकट्याला घेऊन दिलेली. आक्काचं हसू मावळलं.

"धाकटा कुठाय?"

जमादारांची नजर स्वतःच्या पायांकडे गेली. दोघांनाही हिनेच कडेवर घेऊन वाढवलेलं. आपण कुणाला मारायला निघालोय, हे हिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"त्याने माझी खुर्ची भंगारात दिली गं," एवढंच ते म्हणाले आणि साठी उलटलेला माणूस हुंदके देऊ लागला.

आक्काने पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. किल्ली मात्र कमरेलाच राहिली. "देवाची कृपा," ती पुटपुटली. मग म्हणाली, "ती चप्पल नेऊन दे त्याला. कामावर काय अनवाणी जाईल?"

दुसऱ्या दिवशी आक्काला खरं कारण सांगून जमादारांनी डबा मागून घेतला आणि बंदुकीसकट स्वतःच पोलीस चौकीत जमा केला. आक्काने धाकट्याला काय ऐकवलं कोण जाणे, पण संध्याकाळी तो डोक्यावर खुर्ची घेऊन परतला. मोडलेला पायही त्यानेच बसवला. जराशी डुगडुगते, पण बसता येतं.

टपरीवर एकाने खोचकपणे विचारलं, "काय जमादार, कायद्याने डोकं थंड होतं का?"

"छे! आक्काच्या दारापर्यंत ते भडकलेलंच होतं," जमादार म्हणाले. "पण तिच्या दारापर्यंत चालायला लावलं ते कायद्यानेच. बरं, एक चहा जास्त सांग. धाकटा शिडी ठेवून येतोय."