दाबून धर

रोह्याहून भावजींचा, शालूताईच्या नवऱ्याचा, फोन आला तेव्हा मी पेणच्या स्टँडवर उपाशीपोटी उभा होतो. उपाशी म्हणजे... एक केळं खाल्लं होतं, पण ते शालूताईला सांगायचं नव्हतं. दर तीन महिन्यांनी रोह्याला जायचं, तिच्या हातून साखरेसाठी रक्त द्यायचं आणि मग तिच्याच घरी पोहे खायचे, हा आमचा पंधरा वर्षांचा नेम. पेणमध्ये रक्त तपासणारे नाहीत असं नाही. पण मला सुईची भीती आहे, आणि ती ठाऊक असूनही लॅबमध्ये न हसता घरी जाईपर्यंत हसू राखून ठेवणारी तेवढी एकच होती. भावजी म्हणाले, "निघालास काय रे? ये... पण ती नाय राहिली." सकाळी फुलं काढताना छातीत कळ आली, आणि संपलंच. एसटीत बसल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता केळ्याचं कुणाला कळणार नाही. दुसरा विचार यायला नागोठणं लागलं, आणि तो आल्यावर मला रोह्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसावं लागलं.

शालूताई माझी आत्येबहीण, सहा वर्षांनी मोठी. आत्या धरमतरच्या खाडीकाठी दिलेली. तिकडे भातशेताला बांध घालून खाडी बाहेर ठेवतात, आणि बांध फुटून खारं पाणी आत शिरलं की 'खांड गेली' म्हणतात. पाणी ओहोटीला निघून जातं, पण मीठ मागे राहतं. आतोबा चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे, थुंकायचे आणि सांगायचे, "हितं पाणी येऊन गेलंय." लहानपणी शालूताईही चाखायची. मी एकदा चाखली तर मला तीन दिवस जुलाब झाले आणि 'शहरातला' ही पदवी मिळाली. आमचं पेण तेव्हा खाडीकाठच्या लोकांना शहरच वाटायचं.

पुढे ती लॅब टेक्निशियन झाली आणि मी पेणला वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, रंगाच्या दुकानात बसलो. कोरोनाच्या पहिल्या वर्षी गणपती तोंडावर आलेले, जोह्याच्या कारखान्यांत मूर्ती रंगाविना अडलेल्या. मी टेम्पोत डबे भरून स्वतः पोचवायला जायचो. अण्णा म्हणत, "जाऊ नको." मी म्हणे, "मास्क आहे की." एक दिवस दुकानात थिनरचा डबा उघडला तर वासच नाही. दुसरा उघडला, त्यालाही नाही. मी होलसेलवाल्याला फोन करून दहा मिनिटं झापलं की माल भेसळीचा आहे, पाणी भरून पाठवता काय. तो बिचारा डबे बदलून द्यायला तयार झाला. चार दिवसांनी अण्णांना ताप आला. बारा दिवसांनी अण्णा गेले... थिनर चांगला होता, हे मला तोवर कळलं होतं. घरात मी ते कुणालाही सांगितलं नाही. भेसळीची गोष्ट मात्र हसत हसत सांगत राहिलो, अर्धीच.

दिवाळीनंतर गावोगाव अँटिबॉडी तपासणी चालली होती. किती जणांना नकळत लागण होऊन गेली, ते रक्तावरून बघायचं. शालूताई त्या कामावर होती. एक दिवस गाडी मिळेना, म्हणून माझा टेम्पो निघाला. खाडीकाठच्या एका गावात एक म्हातारी हात पुढे करेना.

"मला कोरोना नाय, मंग रगत कशाला?"

"आज हाय काय ते नाय बघत गो आये. येऊन गेला काय ते बघतो. खांड कधी गेली, ते माती चाखून कळतं ना? तसंच."

"मंग माझं रगत चाखणार काय गो तू?"

"मी नाय, मशीन चाखतंय."

"त्याला सांग, बेताचं चाख," असं म्हणून म्हातारीने हात दिला. सगळं अंगण हसलं. मी मात्र टेम्पोला टेकून उभा राहिलो, कारण मला माझं मीठ आठवलं होतं.

परतीच्या वाटेवर, गडबच्या अलीकडे, टेम्पो बाजूला घेऊन मी तिला थिनरची गोष्ट सांगितली. या वेळी पूर्ण. आणि म्हटलं, "माझंही तपास."

ती म्हणाली, "चार महिने झाले. मीठ धुऊन पण जातं रे. नाय सापडलं, तर झालाच नव्हता असं धरू नको."

"आणि सापडलं तर?"

"आधी ये तरी."

मी गेलो. आठवडाभराने निकाल ऐकायला पुन्हा गेलो. तिने मला खुर्चीत बसवलं, स्वतः स्टूल ओढून समोर बसली. "हायेत अँटिबॉडी," म्हणाली. मी खाली बघत राहिलो. "ऐक. मीठ हाय, एवढंच रक्त सांगतं. पाणी कुठल्या खांडीतून आलं, ते नाय सांगत. मामा रोज ओटीवर चौघांत पत्ते खेळत होता. तू त्याला दिला, का त्याने तुला, का दोघांना तिसऱ्यानेच... कुठलं मशीन नाय चाखत ते."

"म्हणजे माझी सुटका नाही."

"नाय. पण फाशी पण नाय," ती म्हणाली. "दोन्हीच्या मधे राहायचं. मी हाय ना."

आणि मग एक विचित्र गोष्ट केली. रक्त काढल्यावर कापसावर माझं बोट ठेवून ती नेहमी म्हणायची, "दाबून धर," आणि माझ्यावर भरवसा नसल्याने वरून स्वतःचा अंगठा दाबायची. 'सोड' म्हणेपर्यंत मी हलायचं नाही. त्या दिवशी सुई नव्हती, कापूस नव्हता. तरी तिने माझा हात ओढून घेतला आणि कोपराच्या आतल्या बाजूला माझंच बोट ठेवून वरून अंगठा दाबून धरला. किती वेळ, ते आता आठवत नाही. शेवटी म्हणाली, "सोड. पोहे गार होतील."

त्यानंतर थिनरचा विषय तिने कधी काढला नाही. मीही नाही. पण दर तीन महिन्यांनी रोह्याला जाताना मी साखर दाखवायला जातो आहे, असं फक्त घरचेच समजत होते.

परवा पेणमध्येच रक्त दिलं. खरोखर उपाशी गेलो होतो, चहासुद्धा नाही. मुलगी चटपटीत होती. सुई कधी गेली कळलं नाही. गोल पट्टी चिकटवून म्हणाली, "झालं काका." बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. पट्टी होती, दाबायची गरज नव्हती, तरी अंगठा तिथे गेलाच. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मुलगी दारातून डोकावली, "काका, रक्त येतंय का?" मी मान हलवून नाही म्हटलं आणि तसाच दाबून बसून राहिलो... सोड म्हणायला कुणी नव्हतं.