टाकीला जॅकेट, दह्याला थंडी

लंडनच्या कडेला, इल्फर्डच्या आमच्या घरात सेंट्रल हीटिंग होतं, असं मी भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना तोंडी सांगायचे. अंगाला ते कळायचं नाही. माझा नवरा हॉस्पिटलात पेशंटांना ‘उबेत राहा’ असं सांगून पगार घ्यायचा आणि घरी आला की आधी हॉलमधल्या थर्मोस्टॅटकडे बघायचा, मग माझ्याकडे. थंडी वाजते म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं, “अजून एक स्वेटर घाल.” ऐंशीच्या दशकातले ते हिवाळे मी साडीखाली त्याचा पायजमा घालून काढले आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

त्यातच एका ऑक्टोबरात सासरे आले. सासूबाई जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांना पुण्यात एकटं ठेवणं आमच्या जिवावर आलं होतं. ते कायमचे इथे राहावेत म्हणून नवरा क्रॉयडनच्या व्हिसा कचेरीत खेटे घालायला तयार होता, पण ते म्हणाले, “एक हिवाळा काढून बघतो, मग सांगतो,” आणि खिडकीशी खुर्ची ओढून बसले. बसले ते बसलेच. मधूनच विचारायचे, “मी इथं करू काय, सूनबाई?” ते राहावेत असं मला फार वाटत होतं. दिवसभर मराठीत बोलायला घरात कुणी नव्हतं, हे एक. आणि मला ते मनापासून आवडायचे.

मग गॅसचं बिल आलं. नवऱ्यानं ते दुःखद बातमीच्या सुरात वाचून दाखवलं आणि सासऱ्यांनी कान टवकारले. पाटबंधारे खात्यात त्यांनी उभा जन्म कालव्यांची गळती शोधण्यात घालवला होता. दुसऱ्याच दिवशी उदबत्ती पेटवून ते घरभर हिंडले. धूर जिथे हलेल तिथे फट. खिडक्यांच्या फटींत त्यांनी वर्तमानपत्रं कोंबली, माझ्या जुन्या साडीची वळकटी करून दाराखाली सारली आणि दाराला असलेली पत्रांची फट आतून टॉवेलनं बंद केली. पोस्टमननं तक्रार केल्यावर त्याला आत बोलावून उदबत्तीचा प्रयोग दाखवला. इंग्रजी बेताचं, पण पोस्टमनला पटलं.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या कपाटातली गरम पाण्याची टाकी त्यांच्या नजरेस पडली. टाकीवर कसलंच आवरण नव्हतं. “अगं, ही तर सगळी ऊब कपाटालाच देऊन टाकतेय!” ते हळहळले. बापलेकांनी दुकानातून टाकीला गुंडाळायचं जाडजूड जॅकेट आणलं, त्यावर माझी एक रजई गुंडाळली आणि नाड्यांनी करकचून बांधली. सकाळी तापवलेलं पाणी संध्याकाळपर्यंत गरम राहिलं. त्या दिवशी जेवताना सासरे सासूबाईंबद्दल पहिल्यांदाच हसून बोलले.

आता माझी पंचाईत ऐका. त्याच कपाटात, टाकीच्या वरच्या फळीवर, टॉवेलांच्या शेजारी मी दह्याचं पातेलं ठेवायचे. डिसेंबरात दही लागेल अशी आमच्या घरात तेवढी एकच जागा होती आणि सासऱ्यांचं जेवण दहीभाताशिवाय पुरं व्हायचं नाही. दुसऱ्या सकाळी झाकण काढून बघते तर दूध जसंच्या तसं! कपाट गार पडलं होतं. ओव्हनमध्ये ठेवून पाहिलं तर दूध फाटलं, शालीत गुंडाळून पाहिलं तर तार सुटली.

सासऱ्यांना सांगायचं तरी कसं? इतक्या महिन्यांत त्यांना हाताला काम मिळालं होतं. तुमच्या जॅकेटानं माझं दही मारलं, असं म्हटलं असतं तर ते पुन्हा खिडकीशी जाऊन बसले असते आणि मार्चमध्ये विमानात. मी सरळ सुपरमार्केटातून योगर्ट आणलं, घरच्या पातेल्यात ओतलं, चमच्यानं जरा ढवळलं आणि निर्लज्जपणे वाढलं. “आज छान लागलंय,” ते म्हणाले. मी म्हटलं, “इथल्या दुधाचा गुण.” तीन महिने हे नाटक चाललं. नवऱ्याला दही कुठून येतं याचा पत्ता आधीही नव्हता, नंतरही नव्हता.

मार्चमधल्या एका दुपारी सासऱ्यांनी कात्री मागितली. वर जाऊन त्यांनी रजईचा आणि जॅकेटचा वरचा तुकडा गोल कापला. मला हाक मारली आणि म्हणाले, “इथं ठेवत जा पातेलं.”

“कसलं पातेलं?” मी साळसूदपणे विचारलं.

“दह्याचं. तीन महिने बिनसायीचं दही खातोय मी. घरच्या दह्यावर साय नसते होय?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “बाबा, मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“तू इतक्या निगुतीनं खोटं बोलत होतीस,” ते कात्रीकडे बघत म्हणाले. “माझं मन राखायला इतकी खटपट, तुझी सासू गेल्यावर कुणी केली नव्हती.”

मी कपाटातल्या टॉवेलात तोंड खुपसून रडले. संध्याकाळी नवरा घरी आला आणि माझे लाल डोळे बघून घाबरला. “थंडी वाजतेय का? हीटिंग लावू?” लग्नानंतर हे त्यानं पहिल्यांदाच विचारलं होतं. मी घाईघाईनं हो म्हणणार, तेवढ्यात सासरे गरजले, “काही लावायचं नाही! मला इथं अजून पुष्कळ हिवाळे काढायचेत.”