जंतूच्या बांधाला खांड

माझी मुलगी औषधांच्या डिप्लोमाला होती तेव्हा एकदा तोंडी परीक्षेत नापास झाली. लेखी पेपर चांगले गेले होते, पण परीक्षकांसमोर वाचाच बसली. हा लाजरेपणा माझ्याकडूनच आलेला. आमचे हे धाटावच्या कंपनीत कामाला होते. म्हणाले, "परत नापास झालीस तर कॉलेज बंद. आमच्याकडं पॅकिंगला पोरी घेतात." ती त्या दिवशी जेवली नाही.

मी म्हटलं, रोज मला बोलून दाखव. मी चौथी शिकलेली. मला कळलं तर कुणालाही कळेल.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "पेनिसिलीन पेणला करतात ना गो?" ती हसून लोटपोट झाली. माझं माहेर पेणच्या खाडीकाठचं. आमच्या गावात सगळे असंच समजायचे, आणि आम्हाला त्याचा अभिमानही होता.

"नाय गो आये! जंतूभोवती भिंत असते. तो वाढतो तशी ती वाढवावी लागते. पेनिसिलीन ते बांधकामच होऊ देत नाय. मग बाहेरचं पाणी आत घुसतं नि जंतू फुटतो."

"म्हणजे खांड पडली!" मी म्हटलं. माहेरी शेताला मातीचा बांध असे. त्याची डागडुजी राहिली की उधाणात बांध फुटे, त्याला आम्ही खांड म्हणतो. मग खारं पाणी थेट भातात.

तिनं ते लगेच वहीच्या कडेला लिहून घेतलं. त्यानंतर गाडी सुरू झाली. टेट्रासायक्लिन जंतूच्या आत प्रथिनं बनतात तिथं जाऊन काम बंद पाडतं. सिप्रोच्या जातीतली औषधं जंतूला स्वतःची नक्कल काढू देत नाहीत, म्हणजे एकाचे दोन होत नाहीत.

"एक संप, एक टाळेबंदी," रात्रपाळी करून झोपलेले हे पांघरुणातूनच म्हणाले.

"पण जंतू गप बसतो व्हय?" मी विचारलं.

नाही बसत. कुणी पेनिसिलीन तोडणारी कात्री तयार करतो. कुणी आत आलेलं औषध बाहेर फेकतो. औषध जिथं चिकटतं ती जागाच कुणी बदलून टाकतो. वर ही युक्ती शेजारच्या जंतूलाही देतो.

"म्हणजे नळावरच्या बायका!"

"आये, हे परीक्षेत सांगू?"

आणि गोळ्या अर्धवट सोडल्या, नाहीतर साध्या सर्दीला घेतल्या, की मऊ तण निघून जावं नि लव्हाळा तेवढा माजावा, तसे चिवट जंतू उरतात. हे मात्र तिनं स्वतःच जुळवलं.

परीक्षेच्या दिवशी ती पेणहून एस.टी.नं परतली ती बोलतच घरात शिरली. परीक्षकांनी पेनिसिलीनच विचारलं होतं. आधी ही अडखळली, मग तोंडून एकदम "खांड" निघालं. ते बाहेरगावचे, त्यांना खांड माहीत नाही. त्यांना उधाण समजावता समजावता ही घाबरायचं विसरली.

पास झाली. ह्यांनी कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना सांगितलं. रविवारी दोघी-तिघी बायका पोरांची औषधं घेऊन दारात आल्या. मी मागच्या दारानं पसार झाले. पुढं ओटीवर मुलगी त्यांना समजावत होती, खणखणीत आवाजात. तिचं आटपेपर्यंत मी परसात भांडी घासत ऐकत बसले. घासलेलीच परत घासली.